डावीकडे साडेअडतीस

टाचणीमामा जिना चढून आले की आधी खुर्ची मागत, मग पाणी, आणि धाप ओसरली की मग कामाचं बोलत. नाटक कंपनीच्या कपडेपटाचा सगळा कारभार त्यांच्या गळ्यात होता, आणि कॉलरला दहा-बारा टाचण्या खोचल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत, म्हणून हे नाव पडलेलं. त्या दिवशी त्यांनी थोरलीच्या कटिंगच्या टेबलावर राखाडी-जांभळ्या कापडाचा गठ्ठा ठेवला, त्यावर घड्यांवर पिवळा पडलेला कागदी पॅटर्न, आणि त्यावर मापांचं कार्ड. "दीडशे वर्षांपूर्वीच्या बायका घालत तसला ओव्हरस्कर्ट," मामा म्हणाले. "खालचा साधा स्कर्ट आमच्याकडे तयार आहे, तो आणलाय. त्याच्यावर हा घालायचा. पुढून एप्रनसारखा झोल, दोन्ही बाजूंना चुण्या घालून वर उचललेला, आणि मागे हा एवढा फुगा. दोन शिंप्यांनी कागद बघूनच हात जोडले. म्हटलं, आता तुम्हीच." असल्या बोलण्यानं हरभऱ्याच्या झाडावर चढायचं थोरलीचं वय राहिलं नव्हतं, एक्कावन्न पूर्ण झाली होती, पण कापडावरून तिचा हात एकदा फिरला आणि परत फिरला, तेव्हाच मामांनी ओळखलं की काम झालं. मग तिनं कार्ड उचललं. वरती नाव होतं. बसस्टॉपवरच्या पोस्टरवर असायचं तेच, नाटकात गेल्यावर घेतलेलं, मूळच्या नावाशी काडीचा संबंध नसलेलं. ते पोस्टर लागलं की थोरली रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं जायची. "ओळखता वाटतं यांना?" मामांनी विचारलं. "छे, मी कुठली ओळखायला," थोरली म्हणाली, आणि स्वतःच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं कार्ड तिनं टेबलावर पालथं घातलं.

मामा निघताना दारात थांबले. "गुरुवारी दुपारी त्या स्वतः येतील ट्रायलला. पत्ता दिलाय." "पत्ता ऐकून काही म्हणाल्या?" थोरलीनं विचारलं, जितकं सहज विचारता येईल तितकं सहज. "काय म्हणणार? बरं म्हणाल्या." झालं. मामांची पावलं एकेक मजला उतरत गेली आणि ते 'बरं' तेवढं खोलीत राहिलं. चौदा वर्षांत धाकटीकडून आलेला हा पहिला शब्द, तोही दुसऱ्याच्या तोंडून. त्याचा अर्थ काय लावायचा? भेटायला येते, की शिंपिणीकडे यावं तशी येऊन, हात वर, हात खाली करून निघून जाते? धाकटी घर सोडून गेली याचा थोरलीला राग होता, दुःखही होतं, पण ते काही तिनं केलेलं नव्हतं. ते आईनं केलेलं होतं. थोरलीनं केलं होतं ते पत्राचं. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा धाकटीचा फोन नंबर, कुणाकडून तरी मिळवून ठेवलेला, मशीनच्या खणात होता, बॉबिनच्या डबीखाली, आणि तरी थोरलीनं फोन केला नाही. तिनं पत्र लिहिलं, आणि तेही तिसऱ्या दिवशी टाकलं. पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. धाकटी आली नाही, उत्तरही आलं नाही. लोकांना थोरली सांगायची, कळवलं होतं हो, पण टपालाचा काय भरवसा. सांगून सांगून ते तिला चांगलं पाठ झालं होतं. आता गुरुवारी तेच धाकटीच्या तोंडावर सांगायचं, की खरं काय ते सांगायचं, एवढंच ठरवायचं होतं, आणि त्यासाठी तिला सात दिवस मिळाले होते.

पॅटर्न उलगडला तेव्हा टेबल पुरेना. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ, जवळ जाऊन श्वास सोडला तरी थरथरायचा. त्यावर रेघा, बाण, आणि आकडे घातलेले छोटे छोटे गोल. पुढच्या झोलाचा तुकडा तर कशासारखाच दिसत नव्हता. वरून अरुंद, खालून पोटासारखा फुगलेला, कडा नागमोडी. हा बाईच्या अंगावर कुठे आणि कसा बसेल हे कागद बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं. एकचा गोल उचलून दोनवर ठेवायचा, तीनचा चारवर, असं करत दोन्ही बाजूंना पाच-पाच चुण्या बसल्या की मग सपाट कापडाला झोल पडतो, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. थोरली ते पुन्हा पुन्हा वाचायची आणि तिला गुंगी यायची. दुपारचं ऊन कागदातून आरपार टेबलावर उतरायचं, रेघा पाण्याखाली असल्यासारख्या हलायच्या, आणि ती खुर्चीत बसलेली असतानाच टेबलाखाली जाऊन बसायची. वर आई कापड कापते आहे, कात्री लाकडावर घसरत कुरकुर करत पुढे जाते आहे, कतरणं खाली पडताहेत. धाकटी ती गोळा करून खांद्यावर टाकते, डोक्यावर बांधते आणि राणी होते. थोरलीनं मोठी असून दासी व्हायचं. "दासीनं हसायचं नसतं," धाकटी दटावते, "पुन्हा आत ये." मग थोरली टेबलाच्या पायापलीकडे जाऊन पुन्हा आत येते, पुन्हा हसते, पुन्हा बाहेर. वरून आई विचारते, "काय चाललंय गं खाली?" आणि दोघी एकदम गप्प. त्या गप्प बसण्यात इतकी मजा होती की आठवूनही थोरलीला हसू फुटायचं, आणि मग हातातली टाचणी बोटात रुतली की ती परत खुर्चीत यायची, पॅटर्नसमोर, एक्कावन्न वर्षांची.

कार्ड तिनं दुसऱ्या दिवशी सरळ केलं. कमर एकतीस. हे वाचून ती हसलीच. चोवीसची कमर होती बयेची, दोन घास जास्त झाले तर आरशासमोर जाऊन पोट आत ओढायची. एकतीस तर एकतीस, पोटाशी वाद घालता येत नाही. पण त्याखालची ओळ वाचून तिच्या कपाळाला आठी पडली. कमरेपासून जमिनीपर्यंत: डावीकडे साडेअडतीस, उजवीकडे चाळीस. आता माणसाच्या दोन बाजूंत पाव इंच फरक निघतो, एखाद्याचा अर्धा निघतो, हे कुठलाही शिंपी सांगेल. दीड इंच म्हणजे काय थट्टा आहे? मामा म्हातारे झाले, दुसरं काय. उभं केलं असेल बाईला गालिच्याच्या काठावर, एक पाय वर एक खाली, आणि गप्पा मारत टेप धरला असेल. दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, ही शिंप्यांची खोड जुनीच आहे, आणि थोरली तर या मापाच्या बाबतीत कुणाला विचारणारच नव्हती. लहानपणी धाकटीला नवा कपडा असा शिवलाच जात नसे. थोरलीचा उसवायचा, दोन इंच आत घ्यायचा, की धाकटीचा झाला. धाकटी म्हणजे थोरलीतून दोन वजा, हा घरातला पाढा होता. सोळाव्या वर्षी धाकटी एकदम उंचावली. दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, आईनं टेप लावला, तर दोघींचं कमरेपासून जमिनीपर्यंत चाळीस. धाकटीनं घरभर उड्या मारल्या, आता ताईचे जुने कपडे नकोत म्हणून. आई शांतपणे म्हणाली, "उलट आता उसवायचाही ताप वाचला. आहेत तसे घाल." तेच चाळीस थोरलीनं दोन्ही बाजूंना धरलं. साडेअडतीसवर तिनं काट मारली नाही, तेवढा मामांचा मान ठेवला.

कापताना तिला भीती वाटली नाही, कापून झाल्यावर वाटली. रविवारपर्यंत चुण्या कच्च्या टाक्यांवर उभ्या राहिल्या. पाचवी चूण बसली आणि मघापर्यंत मेल्यासारखं पडलेलं कापड एकाएकी खाली ओघळलं, भरलं, त्यात सावल्या पडल्या. थोरली "अगं बाई!" म्हणाली, मोठ्यानं, एकटी असून. मागच्या फुग्याचं काम त्याहून न्यारं होतं. लांबच्या लांब कापड कमरेशी चुणून घ्यायचं, आतल्या बाजूनं तीन ठिकाणी फितींच्या जोड्या शिवायच्या, आणि त्या फिती आतल्या आत एकमेकींना बांधल्या की बाहेरून कापड फुगून वर येतं. बघणाऱ्याला वाटावं वाऱ्यानं फुगलंय. डमीवर ते छानच दिसलं, पण डमीला पाय नसतात, खालचा घेर कळत नाही. म्हणून मंगळवारी दुपारी दार लावून तिनं तो स्वतःच चढवला, कमरेला टाचण्या मारून. पुढून झोल अगदी सारखा पडला, डावीकडे तितकाच उजवीकडे. मग ती मागे हात घालून फिती शोधू लागली. पहिली गाठ कशीबशी बसली. दुसऱ्या जोडीपर्यंत बोटं पोचेनात. वाकून बघितलं, भिंतीला टेकून बघितलं, स्वतःभोवती गिरकी घेऊन झाली, शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यासारखी, आणि मग ती दमून आरशासमोर उभी राहिली. म्हणजे हा कपडा कुणी एकटीनं घालायचाच नव्हता. आरशाचा पारा खालच्या बाजूनं गेलेला होता, त्यात चेहरा धड दिसत नव्हता, फक्त तो राखाडी-जांभळा झोल आणि वर कुणीतरी. ते कुणीतरी अशा तोऱ्यात उभं होतं की थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "आलीस?" खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, आरसा थोडा थरथरला, त्यातली बाईही थरथरली. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं होतं.

धाकटी गेली तो दिवसही असाच, भर दुपारचा. आईनं तिची बॅग बाहेर जिन्याच्या कठड्याशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "नाटकात जायचं तर इथूनच जा, आणि परत या दारात उभी राहू नकोस." धाकटीनं आईकडे बघितलंच नाही. तिनं थोरलीकडे बघितलं. थोरली मशीनवर बसली होती, कुणाच्या तरी घरचे उशांचे अभ्रे शिवत. एक पाय थांबवायचा अवकाश होता. मशीन थांबली असती, खोली गप्प झाली असती, आणि मग काहीतरी बोलावं लागलं असतं. तिनं पाय थांबवला नाही. सगळी शिवण संपेपर्यंत ती मान खाली घालून बसली आणि मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं. शिवण सरळ आली होती, हे मेलं अजून आठवतं. त्यानंतर आई पाच वर्षं होती. त्यातली शेवटची दोन अंथरुणावर. उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं थोरलीनं केलं, आणि मधल्या वेळात शिवलं. शेवटच्या आठवड्याचं मात्र ती कधी मनात येऊ द्यायची नाही. विचार तिकडे वळला की ती उठून इस्त्री तापत ठेवायची, इस्त्री करायला काही नसलं तरी.

गुरुवारी तिनं दोनदा केर काढला. पाठ असलेलं वाक्य ती मनातल्या मनात म्हणून बघत होती: कळवलं होतं गं, टपालाचा काय भरवसा. अगदी बिनचूक येत होतं. तीन वाजायच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक हलकं, मग थांबायचं. परत एक जड, एक हलकं. कुणीतरी ट्रंक घेऊन चढतंय, थोरलीला वाटलं. पावलं दाराशी आली, आणि दारात ट्रंक नव्हती, धाकटी होती. केस रंगवलेले, डोळ्यांखाली सूज, गळ्यात एक चष्मा लटकलेला. पोस्टरपेक्षा दहा वर्षांनी मोठी आणि आईसारखी, अगदी आईसारखी.

"शिंपीणबाई आहेत का घरात?" धाकटी म्हणाली, नाटकातल्या मोठ्या आवाजात.

"आहेत. ये."

"जिना उंच केलात काय गं?"

"जिना तेवढाच आहे. तू म्हातारी झालीस."

"तू कुठली तरणी राहिलीस!" धाकटी हसली. थोरलीनं पाणी दिलं. धाकटी ते उभ्यानंच प्यायली, खोलीभर नजर फिरवत, आईची खाट होती त्या कोपऱ्यात आता कापडांचे गठ्ठे होते तिथे थोडी थांबत. "घाल चल," थोरली म्हणाली. कामाचं एक बरं असतं, ते मध्ये उभं करता येतं.

खालचा स्कर्ट मामांनी दिलेला होता, तो आधी. मग वरचा. थोरलीनं कमरेशी हूक लावले, पुढचा झोल हातानं बसवला आणि मागे जाऊन फिती हाताला लागतात का बघितलं. धाकटीच्या पाठीशी तिचं डोकं टेकत होतं. पावडरचा वास, घामाचा वास, आणि त्याखाली लहानपणचा एक वास, जो तिला वाटलं होतं कधीच जाऊन संपला. पहिली गाठ, दुसरी, तिसरी. कापड वर उचलून आलं. "मस्त!" धाकटी आरशाकडे बघून म्हणाली. थोरली पुढे आली आणि तिचा चेहरा पडला. झोल वाकडा होता. डावी बाजू खाली उतरली होती, खालचा घेर डावीकडे जमिनीवर लोळत होता. हे कसं झालं? मंगळवारी तर तिच्याच अंगावर सारखा होता. "सरळ उभी राहा," ती म्हणाली. "सरळच आहे." "कुठे सरळ? कंबर वाकडी केलीस. दोन्ही पायांवर भार दे." "दिलाय ताई." थोरली गुडघ्यांवर बसली, टाचण्या तोंडात धरून तिनं डावी चूण सोडवली, वर घेतली, पुन्हा टाचली. तरी जमेना. मग तिनं दोन्ही स्कर्टांचा घेर हातानं बाजूला केला. सपाट तळव्यांचे दोन साधे बूट होते. उजव्याची टाच जमिनीवर टेकलेली होती. डाव्याची टेकलेली नव्हती. धाकटी डाव्या पायाच्या चवड्यावर उभी होती, तरी त्या बाजूची कंबर खालीच राहिली होती, आणि तो पाय घोट्याच्या वर आत वळून थोडा बारीक झाला होता.

थोरलीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मामांनी माप बरोबर घेतलं होतं. चुकलं होतं ते तिचं पाठांतर.

"हे कधी?" तिनं विचारलं.

"आई गेल्यावर दीड वर्षानं. प्रयोग चालू असताना स्टेजची फळी खचली. सात महिने पाठीवर होते." धाकटी आरशाकडे बघतच बोलत होती. "आता सवय झाली. नाटकात उंच बूट देतात, कुणाला कळत नाही. तेही मामांनी अजून केले नाहीत, कामचुकार मेले."

"सात महिने! आणि कळवलं नाहीस?"

धाकटीनं खाली बघितलं. गुडघ्यावर बसलेल्या थोरलीला तिचा चेहरा उलट्या बाजूनं दिसत होता, हनुवटी, नाकपुड्या, वर छत. "तू कळवलं होतंस?" ती म्हणाली.

आता ते वाक्य म्हणायची वेळ होती. ते आलंही, जिभेपर्यंत आलं. थोरलीनं हातातला घेर घट्ट धरला. "कळवलं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी पत्र टाकलं. मुद्दाम. नंबर होता माझ्याकडे. फोन करता आला असता, आई असतानाच करता आला असता. नाही केला."

तिला वाटलं धाकटी आता निघून जाईल. पण फिती तर मागे बांधलेल्या, सोडवल्याशिवाय जाणार कशी, असलं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनात येऊन गेलं.

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पाकिटावर टपालाचा शिक्का असतो ताई. तारखेचा. मी काय अडाणी आहे?" ती थोडी हलली, पाय भरून आला असावा, आणि तोल राहावा म्हणून तिनं थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. "पत्रात आई गेल्याची तारीख, शिक्क्यात पोस्टात पडल्याची. किती तरी दिवस ते पाकीट घेऊन बसायचे. म्हटलं, आईनं हाकललं ते समजतं मला, तिचा स्वभावच तसा. ताईनं का केलं? पायाचं कळवायला निघाले होते दोनदा. पण म्हटलं, आधी ती सांगू दे."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारली आणि दुसऱ्यानं कुठून तरी उत्तर दिलं. ऊन धाकटीच्या त्या फुगलेल्या कापडावर आलं होतं आणि चुण्यांच्या आत सगळं निळसर झालं होतं. थोरलीला एकदम वाटलं आपण पुन्हा टेबलाखाली आहोत, वर कुणीतरी मोठं माणूस आहे आणि ते विचारणार आहे, काय चाललंय.

"का केलंस ते तरी सांग," धाकटी म्हणाली.

"ती मला तुझ्या नावानं हाक मारायला लागली होती," थोरली म्हणाली. "शेवटचा आठवडाभर. त्याआधी पाच वर्षं तुझं नाव काढायची सोय नव्हती घरात, आणि मग एका सकाळी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून तुला हाक मारली. मी म्हटलं, अगं मी आहे, मी. दोन दिवस सांगून बघितलं. तिला ते ऐकूच येईना. माझं नावच राहिलं नव्हतं तिच्या डोक्यात. दोन वर्षं मी तिचं हगणंमुतणं काढलं गं, आणि हाक तुला." ती नाक पुसायला काही शोधू लागली आणि हातात राखाडी-जांभळं कापड आलं, ते तिनं सोडून दिलं. "मग तिसऱ्या दिवशी मी ओ दिली."

"माझ्या नावानं?"

"तुझ्या नावानं. आले आई, म्हटलं. इतकी खूश झाली! हात सोडेना. ती गेली ती तू आलीस असंच समजून गेली. आणि मला तुझा असा राग आला, असा राग आला, काय सांगू. वाटलं, हिला आता कशाला बोलवायचं? ही तर येऊन गेली."

धाकटीचा हात खांद्यावर तसाच होता, जड, आणि तिच्या अंगाचा सगळा भार हळूहळू त्या हातात येत होता. थोरलीचे गुडघे दुखायला लागले होते, पण ती हलली नाही.

"मग?" धाकटीनं विचारलं. "मी काय म्हणाले गं तिला?"

"तिनं विचारलं, बॅग बाहेर ठेवली म्हणून रागावली नाहीस ना माझ्यावर? तू म्हणालीस, नाही."

"अस्सं म्हणाले?"

"हो. दोनदा विचारलं तिनं. दोन्ही वेळेला नाहीच म्हणालीस."

धाकटीनं मान वर केली.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "पण चांगलं केलं."